गोळ्यांची पिशवी आणि केसपेपर : पारलिंगी आरोग्य व एचआयव्ही उपचारांवरील नागपुरातील एका प्रशिक्षणाचे परीक्षण

धंतोलीतील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात परिचर्या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे, त्यामुळे कर्मचाऱ्यांना कोणत्या प्रशिक्षणाला पाठवायचे आणि त्यावर किती खर्च करायचा, हे दरवर्षी मलाच ठरवावे लागते. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींचे आरोग्य आणि एचआयव्ही उपचार या विषयावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी शनिवार-रविवार असे एक प्रशिक्षण अलीकडेच रामदासपेठेत झाले. आमच्या काही सिस्टर, प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ आणि मी त्याला गेलो होतो. आयोजक संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण उणिवांविषयी मला मोकळेपणाने लिहायचे आहे आणि याच धाटणीची प्रशिक्षणे इतरही संस्था घेतात. माझे मत आधीच सांगून टाकते. औषधोपचारांचा भाग उत्तम होता, ज्याला सगळे ‘संवेदनशीलता’ म्हणतात तो भाग बेताचा होता आणि रुग्णालयाचे रोजचे कामकाज कसे बदलायचे याचा भाग जवळजवळ नव्हताच. पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण ज्या गोष्टीसाठी आम्ही गेलो होतो तिचा निम्माच भाग पदरात पडला.

सुरुवात आकडेवारीने झाली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, २०२१ च्या सर्वेक्षणात हिजडा आणि पारलिंगी व्यक्तींमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ३.७८ टक्के आढळले, तर देशातील एकूण प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्याच्या आसपास आहे. या तफावतीची कारणे वक्त्यांनी नीट उलगडली. लहान वयात घर सुटते, शिक्षण अर्धवट राहते, पोटासाठी बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन पैसे घेणे), मंगती (बाजारात व गाड्यांमध्ये पैसे मागणे) किंवा देहविक्रय याखेरीज फारसे काही हाती उरत नाही, गिऱ्हाइकाकडे कंडोमचा आग्रह धरता येत नाही आणि दवाखान्यात एकदा अपमान झाला की माणूस पुन्हा तपासणीकडे फिरकत नाही. हे सारे योग्यच होते. मात्र त्याच आकड्याचा दुसरा अर्थ, म्हणजे शंभरातल्या शहाण्णव जणांना हा संसर्ग नाही, कोणीही उच्चारला नाही. किन्नर रुग्ण दिसताच हातमोज्यांवर हातमोजे चढवणारे कर्मचारी समोर बसलेले असताना हे आधी सांगायला हवे होते. उमरेडकडच्या एका आरोग्यसेविकेने लगेच विचारलेही, ‘म्हणजे अशा प्रत्येक रुग्णाची आधी एचआयव्ही तपासणी लावून घ्यायची का?’ त्याचे नेमके उत्तर रविवारी कायद्याच्या सत्रात मिळाले. तोवर तो प्रश्न सभागृहात तसाच लोंबकळत राहिला, आणि अनेकांनी त्याचे उत्तर ‘हो’ असे गृहीत धरले असावे.

त्यानंतर समाजातील दोन पारलिंगी स्त्रियांना (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्यांना) आपापले अनुभव सांगण्यासाठी व्यासपीठावर बोलावले. त्यांनी मोजक्या शब्दांत आणि कसलाही आव न आणता सांगितले, काही श्रोत्यांचे डोळे पाणावले, टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झाले आणि पुढचे वक्ते आले. या पद्धतीवर माझा आक्षेप आहे. त्या दोघी कित्येक वर्षांपासून एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पात काम करतात, लोकांना तपासणीला नेतात, औषधे सुटलेल्यांच्या दारी जातात. सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा त्यांना व्यवस्थेची अधिक माहिती आहे, पण त्यांच्याकडून मागितले गेले ते फक्त दुःख. चहाच्या वेळी त्यांच्यापैकी एकीने मला जे सांगितले ते व्यासपीठावर आले असते तर अधिक उपयोग झाला असता. बाजारातली आणि गाड्यांमधली कमाई सकाळी होते आणि बाह्यरुग्ण विभागही सकाळीच असतो, म्हणून तारीख चुकते. आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो. लग्नसराईत डेऱ्यातली, म्हणजे गुरूच्या घरी एकत्र राहणारी, माणसे आठवडेच्या आठवडे बाहेरगावी असतात. नागपूरच्या ताजबाग दर्ग्याच्या उरुसाला पाहुणी आलेली चेली, म्हणजे शिष्या, गोळ्या घरीच विसरून आली तर तिने कुठे जायचे, हे तिच्या गुरूलाही ठाऊक नसते. स्थिर रुग्णांना एकाच वेळी अनेक महिन्यांची औषधे देण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. ती मागता येते, एवढी साधी माहिती खासगी रुग्णालयातल्या सिस्टरला असली तरी कित्येकांचे उपचार खंडित होणार नाहीत.

शनिवारी दुपारी एका औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापकांचे सत्र झाले आणि सगळ्या कार्यक्रमाचा नूर पालटला. त्यांनी भाषण केले नाही. प्रत्येक टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली आणि ती उपडी करायला सांगितली. आत रिकाम्या पट्ट्या आणि डब्या होत्या : एआरटीची (एचआयव्हीवरील औषधोपचाराची) टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी, संततिनियमनाच्या गोळ्या, मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन, कोट्रायमोक्साझोल, कॅल्शियम, आम्लपित्ताची औषधे आणि क्षयाच्या गोळ्या. ‘ही सगळी एकाच रुग्णाच्या पर्समधली आहेत. तिला चक्कर येते, एवढेच ती सांगते आहे. पुढे?’ एवढे बोलून ते खुर्चीवर बसले.

आमच्या टेबलावर कामठीच्या एका सिस्टरने आधी मुरमांची गोळी उचलली आणि ही चुकून आली असावी म्हणून बाजूला ठेवली. ती चुकून आलेली नव्हती. त्या गोळीत २ मिलिग्रॅम सायप्रोटेरोन आणि ३५ मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल असते. पहिले पुरुषी संप्रेरकाचा परिणाम रोखते आणि दुसरे स्त्रीसंप्रेरकाचे काम करते. डॉक्टरांकडे जायची सोय नसलेल्या किंवा हिंमत नसलेल्या पारलिंगी स्त्रिया अशा गोळ्या औषधाच्या दुकानातून थेट घेतात, आणि परिणाम लवकर दिसावा म्हणून दिवसाला कितीतरी घेतात. माला-डीचेही तसेच, तिच्या एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल असते. या विशिष्ट संप्रेरकामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका अधिक असतो आणि धूम्रपान करणाऱ्यांत तो आणखी वाढतो. त्यामुळेच संप्रेरक उपचारांत त्याऐवजी साधे इस्ट्रॅडिऑल वापरावे, अशी शिफारस केली जाते. सायप्रोटेरोनविषयीही त्यांनी सावध केले. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास मेंदूच्या आवरणात मेनिन्जिओमा नावाची गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या.

त्यांचा पुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. असा रुग्ण समोर आला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात, ओरडणे किंवा दुर्लक्ष करणे. ‘हे सगळे आजच्या आज बंद करा’ असे दरडावले की ती व्यक्ती गोळ्या बंद करत नाही, दवाखाना बंद करते. त्याऐवजी सिस्टरने पायाला सूज, पोटरीत दुखणे, दम लागणे, सिगारेट किंवा खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) हे एकेक करून शांतपणे विचारावे, गोळ्यांची नावे केसपेपरवर लिहावीत आणि डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावीत. खर्ऱ्याचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला. नागपुरात हा प्रश्न न विचारता घेतलेली माहिती अपुरीच म्हणायची.

चक्कर येण्याचे कारण मात्र त्या पिशवीत आणखी एका जोडीत दडलेले होते. स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी संप्रेरकाचा परिणाम कमी करते म्हणून घेतले जाते, पण ते लघवीचे प्रमाण वाढवते, रक्तदाब उतरवते आणि रक्तातले पोटॅशियम वाढवते. कोट्रायमोक्साझोल हे सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, कमी असलेल्या एचआयव्ही रुग्णांना संधिसाधू संसर्ग टाळण्यासाठी दिले जाते, आणि त्यातले ट्रायमेथोप्रिमही पोटॅशियम वाढवते. ही दोन्ही औषधे एकत्र आली, वर नागपूरचा मे महिना आणि दिवसभर उन्हात फिरणे असले, तर रक्तातील पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये. आमच्या टेबलावर हे कोणालाच सुचले नव्हते. शेजारच्या टेबलावर भंडाऱ्याहून आलेल्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने ते ओळखले.

कॅल्शियम आणि आम्लपित्ताच्या औषधांचा संबंध त्यानंतर आला. डोल्युटेग्रॅव्हिर ही औषधे घेण्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायचे असते, नाहीतर ते पोटातच अडकून राहते आणि रक्तात पुरेसे उतरत नाही. क्षयाच्या गोळ्यांमधील रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिर शरीरातून लवकर बाहेर पडते, म्हणून त्या काळात ५० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा द्यावी लागते. रिफाम्पिसिन इस्ट्रॅडिऑलचेही प्रमाण घटवते. क्षयाचा उपचार सुरू झाल्यावर दाढी पुन्हा दाट येऊ लागली किंवा छाती उतरल्यासारखी वाटली तर रुग्ण दोष एआरटीला देतो आणि तीच सोडतो, असे प्राध्यापकांनी सांगितले तेव्हा सभागृहात बऱ्याच माना हलल्या.

एआरटीमुळे संप्रेरकांचा परिणाम निघून जाईल, ही भीती डेऱ्यांमध्ये खोलवर आहे आणि ती पूर्णपणे निराधार नव्हती. जुन्या उपचारपद्धतीतल्या इफाव्हिरेन्झमुळे इस्ट्रॅडिऑलचे प्रमाण खरोखरच कमी होत असे. आता पहिल्या फळीतल्या टीएलडीमध्ये ते औषध नाही, आणि डोल्युटेग्रॅव्हिरचा संप्रेरकांवर दखल घेण्याजोगा परिणाम होत नाही. हे वाक्य प्रत्येक समुपदेशकाला पाठ असायला हवे. प्रतिबंधात्मक गोळ्यांविषयी, म्हणजे प्रेपविषयी, एक बारकावा तेथेच कळला. संबंधांच्या आधी दोन आणि नंतर एकेक अशा प्रसंगानुरूप गोळ्या घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने काही गटांसाठी मान्य केली आहे. पण इस्ट्रॅडिऑल घेणाऱ्या पारलिंगी स्त्रियांसाठी ती नाही, त्यांनी गोळी रोज घ्यायची. मोबाइलवर वाचून अर्धवट माहिती घेणाऱ्या रुग्णांची संख्या पाहता हा फरक महत्त्वाचा आहे. औषधे नियमित घेणाऱ्या आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण (व्हायरल लोड) तपासणीत न सापडण्याइतके कमी झालेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हेही आमच्या काही सिस्टरनी तेथे प्रथमच ऐकले. याचे मला आश्चर्य वाटले. पण खासगी रुग्णालयांत ही माहिती पोहोचवणारे कोणी नाही, हेही तितकेच खरे.

सत्राच्या शेवटी प्रयोगशाळेचा विषय निघाला आणि आमच्या तंत्रज्ञाने वही उघडली. डोल्युटेग्रॅव्हिरमुळे मूत्रपिंडाला इजा न होताही रक्तातील क्रिएटिनिन थोडे वर जाते, तर टेनोफोव्हिरमुळे काही रुग्णांत मूत्रपिंडाला खरोखरच इजा होते. म्हणजे हा आकडा काळजीपूर्वक वाचावा लागतो. त्यात क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळते ते, काढण्याच्या नेहमीच्या सूत्रात स्त्री असल्यास उत्तराला ०.८५ ने गुणतात. पारलिंगी रुग्णाच्या केसपेपरवर ‘पु.’ लिहिले काय किंवा ‘स्त्री’ लिहिले काय, संगणक निमूटपणे वेगळे उत्तर देतो आणि त्या उत्तरावर टेनोफोव्हिर चालू ठेवायचे की नाही हे ठरते. संप्रेरके किती वर्षे सुरू आहेत, स्नायूंचे प्रमाण किती आहे, हे पाहून डॉक्टरांनी दोन्ही उत्तरे काढावीत आणि निर्णय घ्यावा. हिमोग्लोबिनचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार रक्तक्षयाची सीमारेषा पुरुषांसाठी १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेणाऱ्या पारलिंगी पुरुषाचे (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या, पण पुरुष म्हणून जगणाऱ्याचे) हिमोग्लोबिन १२.४ आले आणि नोंद ‘स्त्री’ अशी असेल, तर अहवाल त्याला निरोगी ठरवतो. केसपेपरवरच्या लिंगाच्या चौकटीला आमच्या रुग्णालयात आजवर शिष्टाचाराचा प्रश्न समजत होते. या तासानंतर आमचा तंत्रज्ञ तिच्याकडे तपासणीच्या अचूकतेचा भाग म्हणून पाहू लागला.

याच ठिकाणी माझे मुख्य म्हणणे येते. सकाळच्या सत्रांत आम्हांला पुनःपुन्हा ‘मन मोठे करा’ असे सांगितले गेले आणि त्याचा परिणाम जेवणापर्यंतही टिकला नाही. जेवणाच्या रांगेतच थट्टेचे दोन-तीन शेरे माझ्या कानावर आले. दुपारी कोणी उपदेश केला नाही, केवळ गोळ्या समोर ठेवल्या, आणि तीच माणसे त्या काल्पनिक रुग्णाविषयी ‘ती’, ‘तिचे पोटॅशियम’, ‘तिची पुढची तारीख’ असे सहज बोलू लागली. आरोग्य कर्मचाऱ्याला रुग्णाविषयी आदर वाटायला लावायचा असेल तर त्याला त्या रुग्णाचे काम करता यायला हवे. ज्याला समोरच्याचे काय करावे हेच कळत नाही तो एकतर हसतो किंवा टाळतो. आयोजकांनी पुढच्या वेळी औषधांचे सत्र पहिल्या दिवशी सकाळीच ठेवावे आणि उपदेशाला कात्री लावावी, अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

रविवारी कायद्याचे सत्र एका वकील बाईंनी घेतले आणि तेही वाखाणण्यासारखे झाले. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा असून तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि आदल्या दिवशी अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांच्या यादीत एचआयव्हीवर खूण करून रक्त घेऊन टाकण्याची आपल्या खासगी रुग्णालयांतील प्रथा याच कायद्यात बसत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईची खूण, खाटेला वेगळी पाटी, चादरींचा वेगळा गठ्ठा, हे सगळे रुग्णाची माहिती जाहीर करण्याचेच प्रकार ठरतात. वीस किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, हे ऐकून शेजारी बसलेल्या एका रुग्णालय व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसला. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आणि त्याआधीचा १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचाही आढावा त्यांनी घेतला, मात्र तो धावताच होता.

खरी चर्चा रंगली ती गुरूविषयी. डेऱ्यातील आजारी माणसाला गुरू घेऊन येतो, रुग्णालयाची अनामत गुरू भरतो, रात्री खाटेशी गुरुभाऊ बसतात आणि जन्माच्या नात्यातले कोणी फिरकत नाही. मग संमतीपत्रावर ‘नातेवाईक’ या रकान्यात कोण? वकील बाईंचे म्हणणे असे की रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची संमती कायद्याला पुरते, आणि जवळची व्यक्ती म्हणून कोणाचे नाव लिहायचे हे रुग्णालाच विचारावे. पण याच गुरूने ‘माझ्या चेल्याला काय झालंय? पैसे मी भरतोय,’ असे विचारले तर एचआयव्हीचा अहवाल रुग्णाच्या परवानगीशिवाय त्यालाही सांगता येत नाही. अहवाल कळल्यास डेऱ्यातून काढले जाण्याची भीती काहींना असते, तर काहींच्या बाबतीत औषधे वेळेवर घेतली जातात ती गुरूच्या धाकामुळेच. दोन्ही शक्यता खऱ्या असल्याने सिस्टरने रुग्णाला एकांतात एकच प्रश्न विचारावा : ‘तुमच्याबद्दल कोणाशी बोललेलं चालेल?’ उत्तर लिहून ठेवावे. पडद्याआड, गुरूला नम्रपणे बाहेर बसवून हे कसे विचारायचे याचा सराव दोन स्वयंसेविकांकडून करून घेतला, आणि तो सराव मला या सबंध कार्यक्रमातला औषधांखालोखालचा उपयुक्त भाग वाटला.

सुई टोचल्यास काय करायचे, याचे सत्र थोडक्यात पण नेटके झाले. दूषित सुई टोचल्याने एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, हिपॅटायटिस सीची सुमारे ३ टक्के आणि लस न घेतलेल्या व्यक्तीत हिपॅटायटिस बीची ३० टक्क्यांपर्यंत असते. आपल्या कर्मचाऱ्यांची भीती नेमकी उलट्या क्रमाने असते. एचआयव्हीला घाबरणारे कित्येक जण हिपॅटायटिस बीच्या लशीचा तिसरा डोस घ्यायला विसरलेले असतात. जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये. प्रतिबंधात्मक औषधे शक्यतो २ तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावीत, आणि ती २८ दिवस घ्यावीत. ही औषधे आमच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता कुठल्या कपाटात मिळतील, हे मी परत आल्यावर लिहून भिंतीवर लावले.

आता उणिवांकडे येते. पारलिंगी पुरुषांच्या वाट्याला रविवारी संध्याकाळचा, लोक पिशव्या आवरू लागल्यानंतरचा वेळ आला. टेस्टोस्टेरॉन सुरू असतानाही गर्भधारणा होऊ शकते, गर्भाशयमुख शाबूत असेल तर त्याची कर्करोग तपासणी करावी लागते, हे दोन मुद्दे घाईघाईने सांगितले गेले. दाढी असलेला रुग्ण स्त्रीरोग विभागाच्या बाकावर बसला तर काय होते, यावर एक शब्दही नाही. पारंपरिक निर्वाण, म्हणजे बाह्य जननेंद्रिये काढणे, झालेल्यांना पुढे होणारा मूत्रमार्गाचा संकोच आणि वारंवारचा संसर्ग हा तर नागपुरात आमच्यासारख्या रुग्णालयांत प्रत्यक्ष दिसणारा प्रश्न. मूत्रनलिका घालताना सिस्टरने काय काळजी घ्यावी, हे कोणी शिकवले नाही. योनिनिर्मितीच्या शस्त्रक्रियेनंतरही पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) शरीरात राहते, हा मुद्दा केवळ एका श्रोत्याच्या प्रश्नामुळे आला. मानसिक आरोग्याच्या सत्राने माहिती बरोबर दिली, परंतु ती पुस्तकी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लिंगभाव विसंगती (जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव न जुळणे) मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली आहे, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ‘बदलून टाकण्याचे’ तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. नैराश्याने ग्रासलेला रुग्ण रात्रपाळीत आला तर काय बोलावे, हे मात्र तेथे कळले नाही. आयुष्मान भारत योजनेतील पारलिंगी व्यक्तींसाठीच्या, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या विमासंरक्षणाचा उल्लेख झाला. तो आमच्या बिलाच्या खिडकीवर कसा तपासायचा, असे विचारल्यावर वक्त्यांनी संकेतस्थळाकडे बोट दाखवले.

सर्वांत मोठी उणीव उपस्थितांच्या यादीतच होती. डॉक्टर, सिस्टर, समुपदेशक, तंत्रज्ञ हे सगळे होते. स्वागतकक्षातल्या मुली, दारावरचा वॉचमन, वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांच्यापैकी कोणीही नव्हते, कारण त्यांना निमंत्रणच नव्हते. रुग्णाला आधी भेटतात तीच माणसे. आधारवर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरे, अशा रुग्णाला भरलेल्या प्रतीक्षाकक्षात आधारवरच्या पुरुषी नावाने खणखणीत हाक मारली गेली की पुढचे सारे औषधज्ञान फुकट जाते. तो रुग्ण डॉक्टरांच्या खोलीपर्यंत पोहोचतच नाही. नोंदणीच्या खिडकीचा एक छोटा नाट्यप्रसंग कार्यक्रमात होता, पण त्यात नोंदणी कारकुनाची भूमिका एका बालरोगतज्ज्ञांनी केली आणि सर्वांना हसू आले, एवढाच त्याचा परिणाम. त्या प्रसंगातून निघालेला उपाय, नावाऐवजी टोकन क्रमांक पुकारणे आणि केसपेपरवर ‘हाक मारण्याचे नाव’ असा रकाना ठेवणे, अगदी साधा आणि बिनखर्चाचा आहे. तो ठरवण्याचा अधिकार असलेले लोक समोर होते, पण तो रोज पाळणारे नव्हते. पुरुष वॉर्ड की स्त्री वॉर्ड, हा खाटेचा प्रश्नही असाच चर्चेविना राहिला. ‘रुग्णाला विचारा’ हे उत्तर योग्य आहे, पण स्त्री वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्याने आवाज चढवला तर मावशीने काय करायचे, हे कुणीतरी तिला सांगायला हवे.

व्यवस्थेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सादरीकरणे इंग्रजीत होती आणि ग्रामीण रुग्णालयांतून आलेल्या आरोग्यसेविकांना ती जड गेली. हाती दिलेली मराठी पुस्तिका मात्र नीट वाचता येते. सभागृहातले कूलर एवढे घुरघुरत होते की मागच्या रांगांना वकील बाईंचा निम्मा तास ऐकूच आला नाही. जेवणात गोळाभात चांगला होता. शुल्क माफक होते. कार्यक्रमानंतर शंका विचारण्यासाठी व्हॉट्सॲपवर गट केला गेला, त्यात प्राध्यापक महाशय सुरुवातीला तत्परतेने उत्तरे देत. आता तिथे मुख्यतः शुभ सकाळचे संदेश येतात.

अशा प्रशिक्षणाची गरज कमी होण्याऐवजी वाढलीच आहे. पारलिंगी व्यक्तींसाठी हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे चालणारी ‘मित्र’ क्लिनिके २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची आर्थिक मदत थांबल्याने बंद पडली. स्वतंत्र केंद्रांच्या भरवशावर राहता येत नाही म्हटल्यावर ही माणसे आमच्यासारख्या सर्वसाधारण रुग्णालयांतच येणार, आणि मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, एआरटी केंद्रात औषधे घेणारी व्यक्ती अपेंडिक्स दुखू लागल्यावर धंतोलीतही येऊ शकते. म्हणून परिचारिका, औषधविक्रेते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि लहान रुग्णालयांचे निवासी डॉक्टर यांनी या प्रशिक्षणाला जरूर जावे. ज्यांना केवळ प्रमाणपत्र भिंतीवर लावायचे आहे त्यांनी दुसरा रविवार शोधावा. पैसे भरण्यापूर्वी औषधांचे सत्र कोण घेणार आहे आणि ते कोणत्या वेळी आहे, एवढे अवश्य विचारावे. स्वागतकक्ष, वॉचमन आणि मावशी-मामांसाठी संपूर्ण मराठीतले, आमच्याच इमारतीत घेण्याचे वेगळे सत्र, आणि त्यात त्या दोन पारलिंगी कार्यकर्त्यांना प्रशिक्षक म्हणून मानधन, असा प्रस्ताव मी आयोजकांकडे पाठवला आहे. त्यासाठी वेगळे शुल्क मोजायला आमच्या व्यवस्थापनाने होकार दिला आहे.